लोअर केलेल्या ५ सीरिजला टायर १८चे की २०चे? मी १८ सोडणार नाही

हिंगणारोडकर:
गाडी २०१४ची बीएमडब्ल्यू ५२०डी, एफ१० पिढीची. दोन महिन्यांपूर्वी स्प्रिंग बदलून ३० मिमी खाली घेतली. आता चारही टायर संपलेत. मूळ साइझ २४५/४५ आर१८, म्हणजे रुंदी २४५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १८ इंची. एका दुकानात सांगितलं, २०चे रिम टाका, २४५/३५ बसवा, फेंडरमधली पोकळी भरून गाडी उठून दिसेल. दुसरीकडे म्हणाले, रिम १८चीच ठेवा पण टायर २३५/४० घ्या, म्हणजे घासणार नाही.

दुसरा सल्ला मला सरळ चुकीचा वाटतो. २४५/४५ आर१८चा व्यास ६७८ मिमी भरतो, २३५/४०चा ६४५. म्हणजे गाडी आणखी १६ मिमी खाली बसणार. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९५च्या आसपास असेल. आधीच पोट टेकायला आलेल्या गाडीला हे कशाला?

२०च्या रिमचा मोह मलाही पडतो. पण हिशेब बघा. १८ला टायरची भिंत ११० मिमी, २०ला ८६. स्प्रिंग आखूड केली तेव्हाच चाकाला वर जायला असलेली जागा ३० मिमीने कमी झाली. खड्ड्यात आपटल्यावर उरलेला धक्का आता रबरालाच घ्यायचाय, आणि त्याच रबरातले २४ मिमी मी केवळ दिसण्यासाठी काढून टाकू? लोअर केलेल्या गाडीला जाड भिंतीची गरज जास्त असते, कमी नाही.

मिहानवाला:
भाऊ, तीन वर्षं २०वर आहे, तीही लोअर गाडी. रोज नागपूरचा वर्धा रोड, महिन्यातून दोनदा समृद्धीने संभाजीनगर. एकही रिम वाकली नाही. व्यासाचा तुमचा मुद्दा २०ला लागूच होत नाही, कारण २४५/३५ आर२०चा व्यास ६८० आहे. गाडी खाली जात नाही, मीटरही चुकत नाही.

दुसरं म्हणजे, १२०च्या वेगात लेन बदलताना उंच भिंत लचकते, हे स्टिअरिंगवर कळतं. रबर जितकं लचकेल तितकं तापतं. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत, समृद्धीच्या सिमेंटवर तीन तास न थांबता चालवताना मला कमी लचकणारा टायरच हवा.

अन् तुमच्या १८ला रनफ्लॅट असतील तर ती ११० मिमीची भिंत नुसती आकड्यात. हवा गेली तरी ८० किमी चालवता यावी म्हणून ती मुद्दाम कडक केलेली असते. माझे साधे २०चे कदाचित त्याहून मऊ चालतील.

हिंगणारोडकर:
रनफ्लॅटचा मुद्दा मान्य, दादा. मी साधेच घेणार आहे आणि डिकीत स्टेपनी ठेवणार आहे.

पण तुमचा रस्ता वेगळा, माझा वेगळा. मला रोज हिंगणा रोडने एमआयडीसी गाठायची असते. सिमेंटचा रोड मधोमध गुळगुळीत असतो हो. त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यात जो उंचवटा राहतो त्याचं काय? पावसात पाणी साचलं की ती कड दिसतही नाही. आधीच्या गाडीला २४५/४० आर१९ होते. अशाच एका कडेवर डावीकडच्या टायरच्या भिंतीला फुगा आला आणि रिमही वाकली. तेव्हा तर गाडी लोअरही नव्हती.

धरमपेठी:
मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. एवढी चांगली गाडी खाली घेतलीच कशाला? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. आपल्या गल्ल्यांत रातोरात उगवणारे त्याच्या दुप्पट उभट असतात. मूळ स्प्रिंग परत टाका, टायरचा प्रश्नच मिटेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा आणि विमा कंपनीला या बदलाची कल्पना दिली आहे का ते बघा. अपघात झाल्यावर हा प्रश्न येतोच.

जुना गॅरेजवाला:
राजेहो, तुम्ही सारे व्यासावर अन् दिसण्यावर भांडून राहिले. फेंडरला घासायचं कारण बहुतेक वेळा टायरची उंची नसतेच. ते असतं रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमीवर आहे तो आकडा. रिमवर तो ‘ईटी’ म्हणून लिहिलेला असतो. रुंदी तीच ठेवून ईटी ३०ची रिम काढून ईटी २०ची टाकली की चाक १० मिमी बाहेर येते. लोअर गाडीत तेवढे १० मिमी पुरे, मागं दोन माणसं बसली की फेंडरची कड टायर कापते. बाजारातली सुंदर २०ची रिम घेताना हा आकडा कोणी विचारतच नाही.

आता वजनाचं. २४५/३५ आर२०वर लोड इंडेक्स ९५ असते, म्हणजे एका टायरला ६९० किलो. पण तो एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त हवा भरून जास्त वजन घेणारा टायर आहे, ते ६९० त्याला ४२ पीएसआयवर मिळतात. ३६ भरली तर तो सहाशेच्या आसपास आला. मूळ १८चा साधा ९६ इंडेक्सवाला ३६वरच ७१० घेतो. मिहानवाला भाऊ, तुम्ही हवा किती ठेवता? दारावरच्या चिठ्ठीत मूळ टायरसाठी लिहिलेली भरत असाल तर तुमचा २०चा टायर कमी हवेवरच पळून राहिला, अन् खरा तापतो तो कमी हवेनंच.

लोअर केल्यावर अलाइनमेंट केलं का, हेही सांगा. चाकं वरून आत झुकतात अन् टायरची आतली कड खाते. बाहेरून नक्षी नवी दिसते, आत तारा निघालेल्या असतात. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही.

टायर घ्यायच्या आधी एक करा. आतल्या प्लास्टिकला अन् फेंडरच्या कडेला कणकेच्या गोळ्या चिकटवा. चौघं बसवा, डिकी भरा, स्पीडब्रेकरवरून न्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग किती कणीक दाबली ते मोजा.

मिहानवाला:
हवा ३६ ठेवत होतो. आज पहाटे टायर थंड असताना ४१ केली. गाडी कडक लागते, पण वर्धा रोडवर चालेल. २० मात्र मी काढणार नाही.

हिंगणारोडकर:
काका, कणकेचा प्रयोग रविवारी केला. पुढे १४ मिमी जागा उरली. मागे उजवीकडे फक्त ५. धरमपेठींचं सगळं पटलं नाही, पण मागच्या स्प्रिंग मूळच्या लावून बघणार आहे. अलाइनमेंट केलं नव्हतं. लिफ्टवर घेतली तर मागच्या दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत निघाली. २४५/४५ आर१८, इंडेक्स १००, रनफ्लॅट नसलेले, चारही सांगून आलोय.