मार खायला थायलंडला कशाला जायचं?

फलाट चार (भुसावळ):

परवाची 'यावलचा बागाईतदार' यांची पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "हल्लीची पोरं-पोरी नोकरी सोडून तीन-चार महिने थायलंडला बॉक्सिंग शिकायला जातात आणि रोज फोटो टाकतात. इकडे बाप सीएमव्ही रोगानं गेलेली केळीची झाडं उपटतोय. मार खायचाच आहे तर गावात तालीम आहे, पैलवान फुकट देईल." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात माझी एक मावसबहीणसुद्धा.

नाव कुणाचं घेतलेलं नाही. पण जानेवारी ते मे भुसावळहून चिआंग माईला जाऊन राहिलेली माझ्या माहितीत मी एकटीच, म्हणून अंगाला लावून घेते.

ते बॉक्सिंग नाही, मुआय थाई आहे. मुठीबरोबर कोपर, गुडघा आणि नडगीही चालते. माझे वडील रेल्वेत होते, आमच्या घरी केळी डझनानं येतात. आणि 'थायलंड' म्हटलं की मिशीत जे हसू येतं ते वर्षभरात इतकं पाहिलंय की आता हसण्यावरून ओळखते कोण कुठल्या बीचवर जाऊन आलाय. चिआंग माईला समुद्र नाही हो. डोंगर आहेत, आणि मार्चमध्ये जाळपोळीचा इतका धूर की ते डोंगरही दिसत नाहीत.

खर्च: ट्रेनिंगचे महिन्याला दहा हजार बाथ, खोली सहा, खाणंपिणं आणि भाड्याची स्कूटर मिळून आठेक. व्हिसा आणि विमान धरून चार महिन्यांचे तीन लाखांच्या आत बसले. माझे, नोकरी करून साठवलेले.

सकाळी सहाला धावणं, दोरी, पॅड, बॅग, मग क्लिंच म्हणजे मानेला धरून झोंबाझोंबी. दुपारी चारला पुन्हा तेच. माझा ख्रू (हा शब्द आपला 'गुरू'च) इसानचा, म्हणजे त्यांच्या ईशान्येकडच्या कोरडवाहू भागातला. त्याची पहिली लढत नवव्या वर्षी, देवळाच्या जत्रेत. त्यानं पहिले दहा दिवस मला लाथ मारूच दिली नाही. माझ्या पुढच्या टाचेखाली रबरी चप्पल ठेवायचा आणि नुसतं उभं करायचा. टाच टेकली की चप्पल चपकन वाजायची. तो पलीकडे दुसऱ्याचे पॅड धरून पाठमोरा असला तरी तिथून ओरडायचा. अकराव्या दिवशी ती वाजली नाही, तेव्हा आला, चप्पल उचलून स्वतःच्या पायात घातली आणि म्हणाला, चल. दहा दिवस तो माझ्यापायी एका चपलेवर हिंडत होता हे मला तेव्हा कळलं.

आता तालमीचं. बावीस वर्षांची असताना मी आमच्या भागातल्या तालमीत गेले होते. "पोरींना कुस्तीच्या हौदात उतरता येत नाही," म्हणून दारातूनच परत. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, मुलींची पहिली २०२३ ला सांगलीत झाली. तोवर माझी तिशी उलटली. तेव्हा गावात तालीम आहे हे निदान मला सांगू नका.

यावलचा बागाईतदार:

खाई त्याला खवखवे! ताई, लिहिता छान, पण 'तीन लाखांच्या आत' सांगताना एक गोष्ट गिळलीत. एवढे महिने राहायचं तर तो जुलै २०२४ पासूनचा डीटीव्ही व्हिसा लागतो. मुआय थाई शिकणं त्यात बसतं, एका खेपेला १८० दिवस राहता येतं, सगळं खरं. आणि त्यासाठी खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात! बारा लाखांच्या वर गेले. भाचा चौकशी करत होता म्हणून मला तोंडपाठ आहे. भुसावळात एवढी शिल्लक टाकणारी नोकरी कुठली ते सांगा, उद्याच बाग मोडतो.

फलाट चार:

बरोबर पकडलंत. त्या शिलकीत वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे सात लाख होते. परत आल्यावर त्यांच्या नावावर एफडी केली. खर्चाला त्यातला रुपया घेतला नाही, पण ते नसते तर व्हिसा मिळाला नसता. झालं समाधान?

यावलचा बागाईतदार:

अर्धं.

कळण्याची भाकर (अमळनेर):

ताई, ते जाऊ दे. मी काय म्हनस, तठे खावाले काय भेटे?

फलाट चार:

शाकाहारी म्हणून मागितलं तरी माशाचं पाणी कुठून ना कुठून येतंच. पण बाजारात लांब हिरवी वांगी मिळतात, आणि तेही ती निखाऱ्यावर भाजून सोलतात. बिबडे नेले होते, ते जिममधल्या पोरींनी पंधरा दिवसांत संपवले.

कळण्याची भाकर:

पऱ्हाटीवर भाजेल नही ते भरीत नही.

आप्पा पैलवान (चाळीसगाव तालुका):

मी या असल्या चर्चेत पडत नाही, पण तालमीचं नाव निघालं म्हणून. पोरींना हौदात घेत नव्हते. त्या काळी तसं होतं. बरोबर होतं असं म्हणत नाही, होतं.

पण चार महिन्यांत काय होतं? मी कोल्हापुरात दोन वर्षं काढली. पहिले सहा महिने नुसता हौद खणला. ती माती नुसती माती नसते, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल पडतं, आणि ती रोज खालीवर करावी लागते. वस्तादांनी मला पहिला डाव शिकवला तोवर माझे खांदे फावड्यानंच झाले होते. आमच्या तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, १५, १६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. पुण्यात घाम गाळला त्यानं. पासपोर्ट लागला नाही.

आणि सोयींचं म्हणाल तर आमच्या तालमीला योजनेतून मॅट आली. हॉल नाही. चार वर्षं गुंडाळून ठेवलीय, एक टोक उंदरांनी खाल्लं. पोरं मातीत खेळतात आणि स्पर्धेला मॅटवर जाऊन घसरतात. यावर कुणी पोस्ट टाकत नाही.

फलाट चार:

'त्या काळी' म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, आप्पा.

आणि पासपोर्टचं म्हणाल तर बजरंग पुनिया टोकियोच्या आधी रशियात जाऊन सराव करत होता. खाशाबा १९५२ ला हेलसिंकीला निघाले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ती पण उधळपट्टीच का?

यावलचा बागाईतदार:

आता खाशाबांशी बरोबरी! ते ब्राँझ घेऊन आले, तुम्ही काय आणलं? पोस्टमध्ये लढतीचं एक अक्षर नाही, माझ्या लक्षात आलंय.

फलाट चार:

खोकला आणला. एप्रिलमध्ये लढत ठरली होती. धुरानं छाती धरली, डॉक्टरनं नाही म्हटलं, मी रडले आणि ऐकलं. लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

दोन कराटेपटूंचा बाप (जळगाव):

आप्पांची मॅट निदान दिसते तरी. माझे पैसे कुठं गेले ते दिसतही नाही. मुलाला सहाव्या वर्षी कराटेला घातलं. पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, मग तपकिरी, तोही तीन वेळा. प्रत्येक परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटच्या फ्रेमचे वेगळे. मग 'नॅशनल'. कुठं? मंगल कार्यालयात. आदल्या रात्रीच्या लग्नाच्या अक्षता मॅटखाली होत्या, मी पायानं सारल्या. मुलाच्या गटात अकरा पोरं आणि अकराही जणांना मेडल. नवव्या वर्षी ब्लॅक बेल्ट! पुढच्याच महिन्यात शाळेत एकानं त्याची पाण्याची बाटली हिसकावली. घरी येऊन रडतोय. म्हटलं, काही केलं का नाहीस? म्हणे, त्यानं आधी वाकून नमस्कारच केला नाही.

ताई, तुमचे तीन लाख वाया गेले असतील तर मोजून गेले. आमचे हप्त्याहप्त्यानं गेले.

सेन्सेई (शिंदखेडा):

हे वाचून गप्प बसवत नाही. सगळ्यांना एकाच काठीनं हाणू नका. मी महिन्याला तीनशे घेतो, त्यातून ग्राउंडचं भाडं जातं. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला शिकवतो कारण आठनंतर फरशीवर पाय ठरत नाही. पालकांचं ऐका: नववीपर्यंत फिरकत नाहीत, दहावीला येतात, "सर, क्रीडा गुणांचं बघा ना." नाही म्हटलं की पोरगं दुसऱ्या क्लासला, तिथं दोन महिन्यांत सर्टिफिकेट. मंगल कार्यालय कुणामुळे भरतं?

दोन कराटेपटूंचा बाप:

म्हणजे चूक आमची?

सेन्सेई:

अर्धी. जपानीत पहिल्या ब्लॅक बेल्टला शोदान म्हणतात. 'शो' म्हणजे सुरुवात. तुम्ही तिथं पेढे वाटलेत, हो की नाही?

दोन कराटेपटूंचा बाप:

वाटले. साडेतीन किलो. मग सुरुवात होती तर सरांनी 'आता काही शिकायचं उरलं नाही, धाकट्याला आणा' असं का सांगितलं?

सातपुडा (शहादा):

म्हणून मुआय थाई बरं. बेल्टच नाही. लढती किती, जिंकल्या किती, संपलं.

सेन्सेई:

बेल्टला नावं ठेवू नका, ती पद्धत जुदोतून आली, जुदोचे जनक कानो यांनी कोदोकान ही आपली शाळा १८८२ ला काढली तेव्हा सर्टिफिकेटचा धंदा नव्हता. आणि आमची अवस्था काय आहे ते बघा: कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच आलं, टोकियोला. पॅरिसला काढून टाकलं. मी मुलींना सांगितलं होतं, ऑलिंपिकला आहे आता, सोडू नका. त्यांच्यापुढे मी खोटा ठरलो. त्याचं कुणाला काही नाही, पेढ्यांचं आहे.

दोन कराटेपटूंचा बाप:

पेढे तुम्हीच काढलेत.

एक मास्तरीण (धुळे):

बेल्टवाल्यांनी वेगळा धागा काढावा ही विनंती, ऐकणार नाही माहीत आहे.

मला मूळ लेखातली एक ओळ खुपली. 'पहिली लढत नवव्या वर्षी, देवळाच्या जत्रेत.' किती गोड वाटतं वाचायला. नऊ वर्षांचं पोर पैशासाठी डोक्यावर मार खातंय, आणि आपण तिथं जाऊन त्या पोराच्या मोठेपणी त्याच्याकडून पॅड धरून घेतो. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणारी मुलं आहेत. उद्या कुणी कोयता किती सफाईनं चालवतो म्हणून त्यांचं कौतुक लिहिलं तर?

फलाट चार:

यावर मी दोनदा उत्तर लिहून खोडलं. कौतुकानं लिहिलं नव्हतं, पण वाचताना तसंच वाटतंय, मान्य. त्याची मुलगी दहा वर्षांची आहे. संध्याकाळी दप्तर घेऊन जिममध्ये येते आणि रिंगच्या कडेला बसून गणितं सोडवते. ग्लोव्हजना हात लावला की तो तिच्यावर जसा ओरडतो तसा माझ्या टाचेवर कधी ओरडला नाही. हे आधीच लिहायला हवं होतं.

यावलचा बागाईतदार:

मास्तरीणबाई, शाबास. आता माझं उरलेलं अर्धं. ताई, आपल्या तालमीनं दारातून परत पाठवलं म्हणून तुम्ही थायलंडला गेलात ना? मग हेही वाचा: बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये बाईला लढायला २०२१ उजाडावं लागलं. त्याआधी रिंगला हात लावायची बंदी. काय फरक?

फलाट चार:

माहीत आहे. मी राहिले तिथंही एक जुनी रिंग होती, तिच्यात पुरुष वरच्या दोरीवरून जायचे आणि बाईनं खालच्या दोरीखालून सरपटत जायचं. पहिल्या दिवशी कळलं तेव्हा मी पाच मिनिटं बाहेरच उभी राहिले. मग सरपटले. पटलं नाही अजूनही. पण आत गेल्यावर पॅड सगळ्यांना सारखेच होते, आणि इथं आत जायला दोरीच नव्हती.

यावलचा बागाईतदार:

बरं बापा, तुम्ही जिंकलात. लढतीशिवाय.

सातपुडा:

भाच्याचं काय झालं पण? चौकशी करत होता ना?

यावलचा बागाईतदार:

त्याचा या विषयाशी संबंध नाही.

आप्पा पैलवान:

मी रात्री पुन्हा सगळं वाचलं. बेल्टचं सोडून. ते मानेला धरून झोंबायचं म्हणता, त्यात पाय उचलून पट काढतात का?

फलाट चार:

पट नाही चालत आप्पा. पण मान दाबून समोरच्याचा तोल घालवायचा आणि बाजूला फिरवून पाडायचं, हे चालतं. माझ्यापेक्षा बारा किलोनं हलकी पोरगी मला रोज पाडायची. हात कुठं ठेवते ते दिसायचं, तरी पडायचे.

आप्पा पैलवान:

म्हणजे कुस्तीतल्या ढाक डावासारखं काहीतरी. बघायला हवं. रविवारी मॅट उलगडायचा विचार आहे, शाळेचा हॉल तासाभरासाठी मिळतोय. आमच्याकडे आता सहा पोरी येतात, हे मी आधी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, बघा, बदललं. अजून मातीत त्यांची वेळ वेगळीच आहे, पोरांनंतर, दहा वाजता. उन्हात.

फलाट चार:

रविवारी किती वाजता?

आप्पा पैलवान:

सहा. उंदरांनी खाल्लेलं टोक भिंतीकडे टाकू. दोन-तीन माणसं घेऊन या, रोल जड आहे.

दोन कराटेपटूंचा बाप:

माझी दोन्ही पोरं पाठवू का? बेल्टशिवाय येतील.

सेन्सेई:

आधी माझ्या पेढ्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या.