सल्ला हवा: पाळक, पंच आणि गावातल्या कार्यकर्त्यांसाठी मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण

वेशीपलीकडे
अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पाळक, पंच (मंडळीचा कारभार पाहणारे), महिला मंडळ, तरुण संघ आणि गावातले काहीजण (भजनी मंडळाचे प्रमुख, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य) अशा तीसेक जणांसाठी प्रशिक्षण ठरतंय. घरातलं दुखणं लोक आधी यांच्याकडेच घेऊन येतात. हाताशी दोन दिवस आहेत. शिकवायचं काय, बोलवायचं कुणाला, आणि अशा शिबिरांत नेमकं काय फसतं? जाणकारांनी सांगावं.

रानजाई
पहिली गोष्ट, तीस जण एका गटात नकोत. वीसच्या वर गेलं की सराव होत नाही, नुसती भाषणं होतात, आणि भाषण ऐकून कुणाला ऐकून घेता येत नाही. दोन तुकड्या करा.

त्याच्याही आधीचं काम म्हणजे पाठवायचं कुठे ते पक्कं करणं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीचे वार आणि वेळ, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कधी येतं, केसपेपर कुठे काढायचा, कोणाला भेटायचं, हे सगळं एका कागदावर हवं. त्यात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास मराठीत बोलतात. हा कागद तयार नसेल तर प्रशिक्षण पुढे ढकला. लोकांना बोलतं करायचं आणि पुढचा रस्ता दाखवायचा नाही, याने नुकसानच होतं.

मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा पथकातूनच मागवा. म्हणजे पुढे ज्यांच्याकडे पेशंट जाणार त्यांचा चेहरा पाळकांना ओळखीचा होतो. बाहेरून मोठं नाव आणण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं.

आता शिकवायचं काय. यांना समुपदेशक बनवायचं नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन पायऱ्या आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. ती पुस्तिका आपत्तीसाठी लिहिलेली असली तरी गावपातळीला ही चौकट पुरते.

'बघा' मध्ये आजारांची नावं पाठ करून घेऊ नका. आपल्याकडे माणूस "मी उदास आहे" म्हणत नाही. डोकं जड, अंगात त्राण नाही, छातीत धडधड, झोप पहाटे तीनला मोडते, कशातच जीव रमत नाही, असं सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं आणि कामधंदा, स्वयंपाक, अंघोळ यांवर परिणाम व्हायला लागला, की डॉक्टरकडे.

'ऐका' साठी तिघातिघांचे गट करा: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक फक्त पाहणारा. दहा मिनिटं, मग अदलाबदल. पाहणाऱ्याने एवढंच टिपायचं की ऐकणाऱ्याने पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला. बहुतेकांचा पहिल्या दोन मिनिटांतच येतो. पाळकांचा तर लगेच, कारण बायबलचं वचन सांगणं ही त्यांची रोजची सवय. हे डोळ्यांना दिसलं की सवय सुटायला लागते.

आत्महत्येबद्दल सरळ विचारायला शिकवा. "जगूच नये असं वाटतं का? स्वतःला संपवायचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. हे चार प्रश्न प्रत्येकाने मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय दिवस संपवू नका, कारण वाचताना सोपे वाटतात, तोंडातून निघत नाहीत. शेवटच्या दोन प्रश्नांना 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

सुरवंट
रानजाई +१. शेतकरी भागासाठी भर घालतो. फवारणीचं औषध घराबाहेर, कुलूपबंद पेटीत, आणि किल्ली दुसऱ्याकडे. जीव द्यायचा झटका पुष्कळदा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो.

कुणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. औषध श्वासनलिकेत गेलं तर आणखी वाईट. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा, स्वतःच्या हातांना लागू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट बरोबर न्या. पोलीस केसच्या भीतीने घरचे "काहीतरी खाण्यात आलं" असं सांगतात आणि उपचार चुकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ सुद्धा गेलं. रुग्णालय पोलिसांना कळवेल, तो नियम आहे. तरी डॉक्टरला खरं सांगा. हे गावातल्या पुढाऱ्याने ठामपणे सांगितलं तर घरचे ऐकतात.

ओलीवाट
एक विषय हमखास राहून जातो. दारू. प्रार्थनासभेत माणूस उभा राहतो, आजपासून सोडली म्हणतो, सगळे टाळ्या वाजवतात. रोज सकाळपासून पिणाऱ्याने अशी एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं. त्यात जीवही जाऊ शकतो. आणि नेमकं तेव्हाच "भूत निघतंय" म्हणून त्याला धरून प्रार्थना केली जाते. हात कापतात, घाम फुटतो, बरळतोय असं दिसलं की ते इस्पितळाचं काम. शपथ घ्यायला हरकत नाही, पण शपथेआधी डॉक्टर.

गोळ्यांचंही तसंच. "विश्वास ठेव आणि गोळ्या सोड" हे वाक्य व्यासपीठावरून कधीच जाता कामा नये. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी फिट येऊ शकते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून लोक दहाव्या दिवशी कंटाळून सोडतात. लिथियम (मनाच्या तीव्र चढउतारांवरची गोळी) चालू असलेल्याने उपवासकाळात किंवा रमजानात पाणी तोडलं तर रक्तात लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. उपास धरायच्या आधी डॉक्टरला विचारायला सांगा.

वेशीपलीकडे
खूप उपयोगी. दोन प्रश्न. "हा सैतानाचा हल्ला आहे" असं मानणाऱ्या ज्येष्ठ पंचांना कसं सांभाळायचं? आणि गुप्ततेचं काय?

रानजाई
वाद घालू नका. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ उघडा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही, विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. त्यावर अर्धा तास गटचर्चा ठेवा. प्रार्थना बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. प्रार्थनाही करा, दवाखान्याची गाडीही करा. देवऋषीकडे जाणाऱ्यांशीही असंच बोला. मात्र साखळी, मारहाण, कोंडून ठेवणं याला तडजोड नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने साखळीला बंदी आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

कुपारी_वाडी
गुप्ततेबद्दल. वसईकडच्या धर्मग्रामांत (कॅथलिक पॅरिशमध्ये) फादरना शिबिराला बोलवतो तेव्हा हा प्रश्न वेगळा पडतो. कन्फेशनमध्ये (पापांची कबुली देताना) ऐकलेलं धर्मगुरू कुणालाच सांगू शकत नाही, जिवाला धोका असला तरी. म्हणून त्यांनी तिथेच सांगावं, "हेच आपण बाहेर बसून पुन्हा बोलू," आणि त्याच दिवशी बसावं. बाकीच्यांनी मात्र आधीच सांगायचं: तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, पण जीव जाण्याची वेळ आली तर एका माणसाला सांगेन, आणि कोणाला ते तुम्हाला विचारून. लहान मुलावर लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे वचन देऊच नका.

गुपित सगळ्यात जास्त फुटतं ते प्रार्थनेच्या विनंत्यांतून. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिचं डोकं ठिकाणावर नाही" असं व्हॉट्सॲपवर फिरलं की ती बाई पुन्हा कधी येत नाही. नाव न घेता प्रार्थना करायची हा नियमच करा.

आत्महत्या झालेल्या घरी कसं जायचं हेही ठेवा. १९१७ च्या कॅथलिक विधिसंहितेत अशा माणसाला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं, १९८३ च्या संहितेत ते कलम नाही. तरी जुन्या लोकांच्या मनातून ते गेलेलं नाही. दफन इतरांसारखंच, आणि प्रवचनात कसं केलं याचं वर्णन नको.

वेशीपलीकडे
आणि नोंदवही ठेवायची का?

रानजाई
नाव न लिहिता. तारीख, कुठे पाठवलं, पोचले की नाही, एवढंच. 'पोचले की नाही' हा रकाना रिकामा राहिला तर आठवडाभरात घरी जाऊन विचारायचं, कारण पहिल्या भेटीला न जाणारे पुष्कळ असतात. एकटा जायला कचरत असेल तर एसटीने बरोबर जा. दोन दिवसांपैकी अर्धा दिवस मात्र राखून ठेवा आणि सहा आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा बसवा. अडचणी तोवर कळलेल्या असतात.