नव्याने घडलेला स्नायुतंतू मंद होणार की जलद, हे कोण ठरवते?

प्रश्न (भौतिकोपचार, तृतीय वर्ष):
नमस्कार. उंदराच्या पोटरीतील सोलियस हा मंद (सावकाश आकुंचन पावणारा) स्नायू सापाच्या विषातील नोटेक्सिनने नष्ट केला, तरी काही आठवड्यांत तो पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा मंदच होतो, असे आम्हाला शिकवले गेले. ही ओळख स्नायूतील उपग्रह पेशींमध्येच (तंतूंलगत असलेल्या मूळपेशींमध्येच) असते, की ती बाहेरून मिळते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक):
आरंभ पेशींचा असतो, पण पुढची दिशा बव्हंशी चेता (मज्जातंतू) ठरवते. १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी बेडकाच्या स्नायूत ज्या उपग्रह पेशी प्रथम वर्णिल्या, त्या इजा होताच विभाजित होतात, एकमेकींत मिसळतात आणि नवे तंतू घडवतात. या कोवळ्या तंतूंत आधी गर्भावस्थेतील व नवजात अवस्थेतील मायोसिन (आकुंचन घडवणारे प्रथिन, ज्याचे मंद व जलद असे प्रकार असतात) दिसते, आणि त्यासाठी चेतेची गरज नसते. गरज पडते ती त्यानंतर: सोलियसची चेता कापून ठेवली, तर तंतू तयार होतात, पण मंद मायोसिन नीट साठत नाही आणि जलद प्रकारच पुढे येतात. अशा चेताहीन स्नायूला सोलियसच्या चेतेसारखे, म्हणजे सेकंदाला सुमारे २० स्पंदांचे, दीर्घकाळ चालणारे विद्युत उद्दीपन दिले की मंद मायोसिन परत येते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून चेतेची उपस्थिती आणि तिच्या संदेशांची लय या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. ही लय तंतूतील कॅल्शियमची पातळी दीर्घकाळ किंचित उंच ठेवते, त्यामुळे कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते, ते एनएफएटी या प्रथिनाला केंद्रकात जाऊ देते आणि मंद तंतूंची जनुके चालू होतात.

उत्तर २ (प्रयोगशाळेत काम करणारी):
सरांच्या विवेचनाला एक पुरवणी जोडते. पेशींची स्वतःची स्मृती अगदीच शून्य नसते. सोलियस आणि पायाची बोटे वर उचलणारा जलद स्नायू, दोघांनाही पुनर्निर्मितीच्या काळात एकाच लयीचे उद्दीपन दिले, तरी सोलियसमध्ये मंद मायोसिन अधिक तयार होते. शिवाय स्नायूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना केवळ मायोसिनच्या रंगावर विसंबू नये. उंदरासारख्या कृंतकांमध्ये केंद्रक तंतूच्या मध्यभागी दिसत असेल, तर तो तंतू नव्याने घडलेला आहे असे समजावे, आणि एकाच तंतूत दोन प्रकारचे मायोसिन सापडले तर ती चूक नसून संक्रमणाची अवस्था असू शकते. उंदरातील निष्कर्ष माणसाला लावतानाही जपावे लागते, कारण उंदरात मुबलक असलेले सर्वांत जलद, २-ब प्रकारचे मायोसिन माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत आढळत नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मग स्नायूवर भार न येणे, म्हणजे पाय प्लास्टरमध्ये असणे, याचाही परिणाम होतो का?

उत्तर १:
होय, होतो. मागचे पाय जमिनीला टेकणार नाहीत अशा रीतीने उंदराला ठेवले, तर पुनर्निर्मित सोलियस बारीक राहतो आणि त्यातील मंद मायोसिनही कमी पडते, जरी चेता अखंड असली तरी. चेतेच्या संदेशांइतकाच ताणही त्या तंतूला हवा असतो. म्हणून रुग्णाच्या बाबतीत चेता शाबूत आहे एवढे पाहून थांबू नये. जखमेच्या स्थितीनुसार, शल्यचिकित्सकांच्या अनुमतीने, भार केव्हा सुरू करता येईल हे त्यांना आवर्जून विचारावे.