मदत हवी आहे: कोंबड्यांच्या आवारातला चिखल, काळ्या मातीवर काय टाकू?

नागपूर, हुडकेश्वरकडे घर. मागच्या अंगणात १० बाय १२ फुटांचं जाळीचं आवार, ९ गावरान कोंबड्या. जमीन काळी, चिकट. पाऊस लागला की नुसता राडा. कोंबड्यांच्या पायांना मातीचे गोळे चिकटतात, तेच पाय घेऊन अंडी घालायला बसतात, म्हणजे अंडीही माखलेली.

आधी मुरूम टाकला, एक ट्रॉली. पंधरा दिवसांत खाली गेला, वर पुन्हा काळीच. मग तणस अंथरली. दोन दिवस बरं वाटलं, नंतर कुजून असा वास की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं. गवत लावलं तर पठ्ठ्यांनी आठवड्यात उकरून फस्त केलं.

खुराड्यावर पत्रा आहे, त्याचं पाणी पन्हाळीनं बाहेर काढलंय. आवार मात्र उघडं, उतार जवळजवळ नाही. घर भाड्याचं, म्हणून सिमेंट नको. बजेट तीनेक हजार.

आरा मशीनवर लाकडाच्या ढलप्या मिळतात, भुसा नव्हे, जाड तुकडे. त्या थेट चिखलावर टाकू, की आधी वरची माती काढून खाली गिट्टी आणि जाळीचं कापड घालू? आणि थर किती इंचांचा ठेवू?