डिझेलच्या गावाला हीट पंपाचं अनुदान: पात्र कोण, अपात्र कोण?

उत्तरवारा
काल दुसऱ्या धाग्यावर 'हिशेबी' यांनी एका दमात निकाल लावला: "कॅनडाच्या उत्तरेत बऱ्याच गावांची वीज डिझेलवर बनते. तिथे हीट पंपाला अनुदान म्हणजे सरकारी पैशाने डिझेल जाळणं. जलविद्युत नाही, तर अपात्र. विषय संपला." दोन ओळींत उत्तर देऊन राग जिरेना, म्हणून हा धागा.

हीट पंप म्हणजे बाहेरच्या थंड हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र. आता तुमचाच हिशेब घेऊ. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा. जनरेटर त्यातून साडेतीनेक युनिट वीज काढतो, घर तापवणारी डिझेलची भट्टी साडेआठ युनिट उष्णता. म्हणजे पंपाने एका युनिटमागे अडीच युनिट उष्णता दिली, तर डिझेल वाचतं. उणे ३० ला तो तेवढी देत नाही, कबूल. पण भट्टी काय फक्त जानेवारीत पेटते? वसंतात ऊन रग्गड आणि थंडीही रग्गड. ओल्ड क्रो हे उत्तर कॅनडातल्या युकॉनमधलं गाव, रस्ता नाही, विमानानेच जायचं. तिथे २०२१ पासून ९४० किलोवॉटचा सौर प्रकल्प आहे. त्या विजेवर पंप चालवणारा अपात्र का?

खरी गंमत अटींची आहे. कॅनडा सरकारच्या मे २०२१ च्या 'ग्रीनर होम्स' अनुदानात थंड हवामानाचा पंप कोणता, तर उणे १५ ला एका युनिटमागे किमान १.८ युनिट उष्णता देणारा. उणे १५ ला आमच्याकडे लोक जाकिटाची चेन उघडी टाकून फिरतात! वर ऊर्जा सल्लागाराकडून कामाआधी घराची एक तपासणी, कामानंतर एक, आणि त्यासाठी परतफेड ६०० डॉलरपर्यंत. गावात सल्लागारच राहत नसेल तर त्याची वाट बघत बसा. २०२४ च्या सुरुवातीला नवे अर्जही बंद झाले.

हिशेबी
भाषण छान. वसंतात वाचवलेलं डिझेल जानेवारीत फुंकणार, त्याचं काय? थर्मामीटर बघून पंप बंद करणारा माणूस मला दाखवा. सगळ्यांनी एकदम पंप लावले की जनरेटर मोठा आणा, आणि तो बोटीने, तेही फक्त उन्हाळ्यात येणार. अहो, युकॉनच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सला, जलविद्युत असून दर हिवाळ्यात डिझेल जनरेटर भाड्याने आणतात.

टांगारू
मग तुमच्या नियमाने व्हाइटहॉर्स पात्र की अपात्र? 😄

हिशेबी
पात्र. फाटे फोडू नका.

बर्फाळबाई
तुम्ही दोघं घरमालकांचीच भांडणं भांडताय. आमच्या उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशात निम्म्याहून जास्त लोक सरकारी घरात राहतात, आणि अनुदान मिळायचं मालकाला, तेही तो स्वतः त्या घरात राहत असेल तर! आमचे शेजारी तीन पिढ्या एकाच घरात आहेत. खिडकीच्या चौकटीवर आतून बर्फ धरतो, तो चमच्याने खरवडतात. त्यांना पंप नको, आधी खिडकी द्या.

उत्तरवारा
बाई, आदिवासी शासनं आणि त्यांच्याशी जोडलेल्या गृहनिर्माण संस्था अर्ज करू शकत होत्या.

बर्फाळबाई
करू शकत होत्या, हो. अर्ज भरायला माणूस कुठे होता ते पण सांगा.

गोठलेला_नट
पात्रता गेली खड्ड्यात, बसवणार कोण? आमच्याकडे कंत्राटदार दक्षिणेतून आला, बाहेरचं युनिट नेमकं छपराच्या उताराखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठोकलं आणि दुपारच्या विमानाने गेला. पहिल्याच वादळात युनिट बर्फात गाडलं गेलं. वितळलेलं पाणी खालीच गोठून पंख्याला लागलं, घरात नुसता घरघराट. फोन केला तर म्हणे, "गॅरंटीत बसतं, पण यायचं भाडं तुमचं."

टांगारू
वीतभर?! कमरेएवढा स्टँड हवा, आणि आडोसा वाऱ्याच्या बाजूला.

नवा_भिडू
कमरेएवढा कशाला, गुडघ्याएवढा पुरतो.

गोठलेला_नट
या आमच्याकडे, दाखवतो गुडघा.

हिशेबी
घ्या! हेच म्हणत होतो. अनुदान आलं की असले टोळभैरव येतात आणि भावात अनुदानाची रक्कम आधीच मिसळलेली असते.

टांगारू
टोळभैरव तुम्ही म्हणालात म्हणून सांगतो, मी हेच काम करतो. परत फेरी मारायची तर आख्खा दिवस विमानतळावर जातो आणि हवा बिघडली की तिथेच मुक्काम. ते कोण देणार? शब्द जपून वापरा.

हिशेबी
तुम्हाला नाही म्हटलं.

टांगारू
नाव घेतलं नाही एवढंच.

अलास्कावासी
मधेच बोलतो. आमच्याकडे ज्या गावांत वीज महाग तिथे घरगुती विजेला सवलत आहे, पण महिन्याला ७५० युनिटपर्यंतच. पंप लावला की आकडा सहज पुढे जातो आणि पुढचं प्रत्येक युनिट पूर्ण दराने. पंप फुकट मिळाला तरी लोक तो बंद ठेवतील. आमच्या राजधानीत, जुनोला, जलविद्युत आहे, हवाही सौम्य, तिथे मात्र पंप धडाधड बसले.

हिशेबी
जुनोचं नाव घेतल्याबद्दल आभार. जलविद्युत.

उत्तरवारा
आणि सौम्य हवा. ते सोयीने गाळलंत. म्हणून म्हणतोय, गावाच्या नावावर पात्रता नको. त्या गावची वीज कशावर बनते, कोणत्या महिन्यात, आणि पंप उणे २५ ला किती देतो, हे बघा. जुनी भट्टी काढायची नाही, ही अट घाला.

हिशेबी
भट्टी ठेवायची, बाहेर उणे १५ झालं की पंप आपोआप बंद होणारं कंट्रोल सक्तीचं, आणि बसवणाऱ्याचं निम्मं बिल एक हिवाळा उलटल्यावर द्यायचं. एवढं असेल तर द्या बापडे अनुदान. माझ्या खिशातूनच जातंय म्हणा.

टांगारू
निम्मं बिल हिवाळ्यानंतर? मग तुम्हीच बसवा. पाना पाठवतो.

बर्फाळबाई
खिडकीचं अजून कुणीच बोललं नाही.

नवा_भिडू
ते स्टँडचं नक्की काय ठरलं?