पायऱ्या कमी करण्याआधी टिपणीकडे पाहावे
मोठ्या संस्थेत अधिकाराच्या पायऱ्या असल्या की खालचा माणूस बोलत नाही, तेव्हा पायऱ्याच कमी कराव्यात, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा मला निम्माच पटतो. सरकारी नस्तीची, म्हणजे फाइलची, जी पद्धत आपण सारेच हसण्यावारी नेतो, तिच्यात खालच्याला बोलते करण्याची एक सोय आहे. मंत्रालयात प्रस्तावावरची पहिली टिपणी सहसा सहायक कक्ष अधिकारी लिहितो. मग ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. वरिष्ठाला ते मत अमान्य करता येते, परंतु पुसून टाकता येत नाही. आपले वेगळे मत त्याखाली लिहून सही करावी लागते, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्यामुळे ती टिपणी नागरिकालाही मागता येते.

अर्थात पळवाट आहेच. एका कार्यालयाच्या लेखा शाखेत असताना मी एका देयकाला हरकत घेणारी टिपणी वर पाठवली, ती समासात पेन्सिलीने लिहिलेल्या 'चर्चा करावी' या दोन शब्दांसह परत आली. चर्चा पाच मिनिटे, उभ्याउभ्याच झाली आणि टिपणीचा कागद बदलून आणण्यास सांगण्यात आले. (पेन्सिलच का, तर ती पुसता येते, हे मला तेव्हा कळले नव्हते.) पुढच्या वेळेपासून मी 'चर्चेनुसार' असे लिहून, तारीख घालून, नवी टिपणी जुनीच्या खालीच लिहू लागलो, साहेब काही दिवस नाराज होते, पण कागद बदलण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.