मदत हवी आहे : माजी नगरसेवकाचं काम नेमकं कुठे तपासायचं?

नमस्कार मंडळी,

१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान. आम्ही गोरेगाव पश्चिमेला, पी दक्षिण विभागात राहतो. नळाला पाणी किती वेळ येतं, पावसाळ्याआधी नाला साफ होतो की नाही, यासाठी ज्याच्या दारात जायचं तो माणूस आपण निवडणार आहोत. म्हणून यंदा नुसतं चिन्ह बघून बटण दाबायचं नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवलंय.

उमेदवारांची शपथपत्रं वाचतेय. मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. गुन्ह्यांचा आकडा बघून थांबू नका, कलमंही वाचा. मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका मापाने मोजणं मला पटत नाही.

अडचण आहे ती कामाची. एका माजी नगरसेवकांचा कार्यअहवाल दारात आलाय. गुळगुळीत कागद, आमच्या गल्लीतल्या नव्या काँक्रीट रस्त्याचा पानभर फोटो आणि खाली 'साहेबांच्या अथक प्रयत्नांतून'. पण २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली. नगरसेवकच नसल्याने कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला, आणि आमचा रस्ता खणला गेला तो त्यानंतर. पाठपुरावा त्यांनी केलाही असेल, मी नाकारत नाही. पण त्याचं एखादं पत्र, एखादा जावक क्रमांक तरी दिसायला हवा ना?

प्रजा फाउंडेशन ही संस्था नगरसेवकांच्या कामाचा आढावा घेते; तिच्या जुन्या अहवालांत नगरसेवकांची हजेरी आणि विचारलेले प्रश्न आहेत, ते बघते आहेच. त्यापुढे प्रभाग समितीच्या सभांची इतिवृत्तं हवी आहेत. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर उत्तराला ३० दिवसांची मुदत, तोवर निकालही लागलेला असेल. विभाग कार्यालयात जाऊन ती थेट वाचायला मिळतात का? कुणी मिळवली असतील तर कोणत्या खात्यात विचारायचं, तेवढं सांगा.

दुसरं म्हणजे, आमच्याकडे दोन उमेदवार अगदी नवे आहेत. त्यांची कसलीच नोंद सापडत नाही. नवखे म्हणून त्यांना बाद करणं अन्यायाचं वाटतं. पण त्यांना पारखायचं कशावरून?

रविवारी उमेदवार आमच्या सोसायटीत येणार आहेत. 'पाण्याचं बघा' म्हटलं की सगळेच 'बघतो' म्हणतात. असं उत्तर देऊन सुटता येणार नाही, असे दोन-तीन प्रश्न सुचवाल का? तुमच्या प्रभागात कुणी विचारले असतील तर काय उत्तर मिळालं, तेही लिहा.